माय माफी

बाप विहिरी खोदायचा. माप परसात.
पहार ओली निघाली की खालून ओरडायचा,
पाणी लागलंऽऽ
मग नारळ, गुळाचा खडा, मालकाकडून टॉवेल-टोपी
आणि पहिली ओंजळ बाप स्वतः चाखायचा.
गोड, सपक, मचूळ.
तीनच शब्द होते त्याच्याकडं पाण्यासाठी,
चौथ्याची कधी गरज पडली नाही.

मी अजमानला त्याच धंद्यात आहे,
फक्त उलटा.

इथं दीड परसावरच पाणी लागतं.
लागलं की कुरियन इंजिनिअर कपाळाला हात लावतो.
वर चाळीस मजले, खाली चार तळघरं,
तळघरांत मोटारी.
मोटारींना कोरडी जमीन लागते.
म्हणून खड्ड्याच्या कडेनं दर मीटरला एक नळी,
सगळ्या नळ्या एका पाइपात, पाइप पंपात,
पंपाशेजारी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत मी,
संध्याकाळी सहा ते सकाळी सहा.
वहीत लिहायचं, तासाला किती पाणी गेलं.
कुठं गेलं,
त्याला वहीत रकाना नाही.

सात मीटरवर शिंपले निघाले, अख्खे,
जोडीनं मिटलेले.
दाभोळचा दिलावर मुकादम हातात घेऊन म्हणाला,
समुद्रच हा. जरा झोपला होता.
ट्रकांनी त्याला झोपेतच उचलला
आणि वाळवंटात कुठंतरी ओतून आले.

पाइपचं तोंड खाडीत आहे.
गाळ बसायला मधे टाकी ठेवलीय,
पण गाळाला बसायला वेळ लागतो
आणि वेळेला पैसे.
त्यामुळं ताकासारखं पाणी जातं.
शुक्रवारी दिलावरनं नेऊन दाखवलं:
तिवराची मुळं चिखलातून वर येतात, श्वास घ्यायला,
हजारो नाकं, बोटाएवढी,
आणि प्रत्येकावर पिठाचा थर.
रोहित पक्षी पलीकडच्या काठाला सरकले होते.
दिलावर काही बोलला नाही. चप्पल काढून
दोन-चार नाकं पुसली त्यानं, रुमालानं.
मग त्यालाच हसू आलं.

सातव्या महिन्यात पत्र्याच्या कुंपणाशी
एक म्हातारी आली. उम्म खल्फान.
रस्त्यापलीकडं तिचं बुटकं घर, भिंतीला नवी भेग,
पाच शेळ्या, एक विहीर, एक गाफ.
गाफ म्हणजे आमच्याकडचा सौंदड.
पाल्यावरनं ओळखला मी त्याला पहिल्याच दिवशी,
गावचा माणूस ओळखावा तसा.
आता पाला नाही.

रिकामी बादली पुढं करून ती म्हणाली,
माय माफी.

अकरा वर्षं झाली इथं.
माय म्हणजे पाणी, माफी म्हणजे नाही,
दुकानात, कॅम्पात, रोज ऐकतो.
पण त्या दिवशी कानानं आधी मराठीच ऐकलं
आणि मी इकडंतिकडं बघितलं,
नक्की कोण कुणाची मागतंय.

पाइपचा एक सांधा ढिला करून बादली भरली.
द्यायच्या आधी ओंजळ चाखली, सवयीनं.
पहिल्या महिन्यात हेच पाणी मचूळ होतं.
गोडं उपसलं तसा खालून समुद्र आत आलाय.
तिला हातानं खूण केली, झाडाला नको.
तिनंही बोट बुडवून जिभेला लावलं,
माझ्याकडं बघितलं, पंपाकडं बघितलं,
आणि बादली रस्त्यावर ओतली,
सावकाश, एक थेंब न उडवता,
जशी ती कुणाच्या तरी पायांवर ओततेय.

रात्री बापाचा फोन, मंगळवेढ्याहून.
आता पहार उचलत नाही, पण विचारतो.
किती परसावर लागलं?
दीड.
दीड! नशीबवान मुलूख, तो म्हणाला,
आणि थोडं थांबून,
चव कशी आहे?

पंपाचा आवाज आहे आबा, मी म्हणालो,
ऐकू येत नाही.